कोलंबसाचा धडा आणि मरकागुड्याची शीव

आमचे गुरुजी पुस्तकात आहे तेवढंच शिकवून गप्प बसणारे असते, तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं. पगार तोच, बदल्या त्याच आणि डोक्याला ताप नाही. पण या माणसाच्या हातात खडू आला की तोंडाला कुलूप राहत नाही. घरी मीठ संपलं म्हणून सांगा, हूं की चूं नाही. वर्गात मात्र गाडी सुटली की थांबायची नाही. गुरुजी म्हणजे खुशाल वाळके, माझे यजमान.

ते मूल तालुक्यातले. वडील भाताच्या गिरणीत हमाल. छप्पन साली बाबासाहेब चांद्याला दीक्षा द्यायला आले तेव्हा हे पाच वर्षांचे होते, बापाच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यातलं धूळ आणि पायाला आलेल्या मुंग्या याखेरीज काही आठवत नाही, असं त्यांनी मला लग्नानंतर एकदा कबूल केलं होतं. तरी मुलांना सांगताना अख्खा सोहळा उभा करतात. मी भद्रावतीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे कॉलनीतल्या नळाच्या पाण्यावर वाढलेली. एटापल्लीच्या पुढे, मरकागुड्याला नांदायला आले, तेव्हा आई म्हणाली होती, "कमले, तुले जंगलात टाकलं वो आमी." मी म्हटलं, जंगलात माणसं राहत नाहीत का? तोऱ्यात म्हटलं, पण पहिल्या उन्हाळ्यात रडलेच.

शाळा सडकेच्या कडेला, शाळेला लागून आमची खोली. समोर नाला आणि नाल्याच्या पलीकडे गाव. गावात सगळे गोंड, त्यांचे देव वेगळे, रीत वेगळी. गावचा पुजारी, म्हणजे गायता, पत्रू. म्हातारा सागाच्या खोडासारखा ताठ. त्याची सून सुकरी आणि नात बुधरी. बुधरी चौथीत होती. नाकात सदा शेंबूड, पण डोकं असं की गुरुजींना घाम फुटायचा.

सत्याऐंशी सालच्या जानेवारीत तो धडा आला. परीक्षेला येणारी ओळ एकच: कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला. मुलांनी ती तालावर म्हटली. बुधरी थांबली.

"गुरुजी, तिथी मान्सं होते का?"

"होते ना."

"मंग शोध कायचा लावला? थे का हरपले होते?"

झालं, पोरीने काडी टाकली. पुढच्या वेळी काही कामाला चंद्रपूरला गेले ते वाचनालयातच जाऊन बसले, शेवटची गाडी चुकवली आणि दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून परत आले. मला वाटलं ताप आला. ताप नव्हता, वाचून आले होते.

वर्ग आणि आमची खोली यांच्यात एक कुडाची भिंत. त्यामुळे चुलीपुढे बसून मीही तो धडा शिकले. समुद्रातली हिरवी बेटं, त्यांवर राहणारे ताईनो नावाचे लोक. मका, रताळी, कापूस पिकवणारे. तंबाखूही तिकडचीच, आपल्याकडे नंतर आली. एके सकाळी किनाऱ्यापुढे मोठी जहाजं उभी राहिली. लोक पोहत गेले, पोपट घेऊन, सुताच्या गुंड्या घेऊन. गोड पाणी दिलं, खायला दिलं. पाहुण्यांनी काचेचे मणी दिले, घुंगरू दिले. आणि पाहुण्यांच्या म्होरक्याने लिहून ठेवलं की हे लोक चांगले नोकर होतील, पन्नास शिपायांत सगळे ताब्यात येतील.

पुढचं ऐकताना माझा हात पिठातच राहिला. पाहुणे परत आले, अधिक जहाजं घेऊन. हुकूम निघाला की मोठ्या बेटावरच्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने घुंगरूभर सोनं आणून द्यायचं, दर तीन महिन्यांनी. नदीत तेवढं सोनंच नव्हतं. लोक डोंगरात पळाले, शेतं पडीक राहिली, उपासमार झाली. वर आजार. देवी, गोवर, जे त्या बेटांनी कधी पाहिलेही नव्हते. पन्नास-साठ वर्षांत गावंच्या गावं नाहीशी झाली. जे थोडे वाचले त्यांतले बरेच डोंगराच्या आड राहिलेले. त्यांचा वंश अजून आहे, असं गुरुजींनी आवर्जून सांगितलं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर मुलांना काय म्हणाले असतील? "आता ओळ लिहा. कोलंबस अमेरिकेत पोचला. शोध लिहू नका."

मी रात्री भात वाढताना ओरडले, "परीक्षेत मार्क कोन देईन? तुमी देसान?"

मुलांनी घरी सांगितलं. मग पत्रू स्वतः नाला ओलांडून आला, म्हणाला, "गुरुजी, थे बेटाची गोष्ट आमाले बी सांग." गुरुजींना तेवढंच हवं होतं. गोटुलात, म्हणजे गाव जमायच्या मांडवात, त्यांनी अर्धं मराठीत अर्धं मोडक्या गोंडीत सगळं सांगितलं. मीही गेले होते, सुमेधला कडेवर घेऊन. सुमेध आमचा पहिला, तेव्हा पाच महिन्यांचा. शेवटी पत्रूने कमरेची तंबाखूची पिशवी काढली, पाहिली आणि न खाता परत खोचली.

"त्याइनं पानी काऊन पाजलं?"

"पाहुने होते म्हनून."

"आमी बी पाजतो," पत्रू म्हणाला.

घरी येताना गुरुजी हवेत होते. आयुष्यात पहिल्यांदा इतिहास शिकवल्यासारखं वाटलं म्हणे. मला मात्र तेव्हाच धास्ती वाटली होती. सडकेवर बांबूचे ठेकेदार, मोजणीवाले, कोण कोण येत होतं. त्या लोकांना रोज नवा पाहुणा दिसत होता, आणि आम्ही त्यांना पाहुण्याची गोष्ट सांगून आलो होतो. मी तसं बोललेही. ते म्हणाले, "खरं सांगतलं. खरं सांगून कोनाचं वाईट होत नाई." मास्तर लोकांना असं वाटतं.

फेब्रुवारीअखेर मार्कंड्याच्या जत्रेला गावातले काही जण जाऊन आले. जत्रेतून शेव-चिवडा आला, बांगड्या आल्या आणि गोवर आला. मार्चमध्ये मोह गळू लागला, तेव्हा टोपल्या घेऊन रानात जायची मुलं घरात तापाने पडली होती. गावात म्हणू लागले, माता आली.

माता आली की गाव बांधायचं, ही तिथली रीत. गावात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर गवताची दोरी ताणायची, तिला कडुनिंबाचे डहाळे. आतला बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही, मातेची पाठवणी होईपर्यंत. मला ती रीत वेडी वाटत नव्हती. रोगाला दार लावायचं म्हणजे दुसरं काय असतं? पण दरवेळी एका माणसाला दोरीखालून वाट असायची: आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई, केसरबाई. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. या वर्षी केसरबाई औषधाची पेटी घेऊन आल्या तर दोरीपाशी कुऱ्हाडवाली पोरं उभी. त्यांनी बाईंना बसायला दगड पुसून दिला, द्रोणात पाणी दिलं आणि सांगितलं, "पानी पे बाई, अन् जा."

मागे पत्रू उभा होता. "दुखनं बाहेरून आलं का नाई, बाई?"

"बाहेरूनच आलं, पत्रूभाऊ. पन औषध बी बाहेरूनच येते ना."

"थे बी तसंच म्हनत असतीन," पत्रू म्हणाला. "जे आड राह्यले थे वाचले."

केसरबाई आमच्या खोलीत येऊन मटकन बसल्या. गुरुजींकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मला नवऱ्याची दया आली. त्या माणसाच्या तोंडाचा रंगच गेला होता. पत्रूच्या बोलण्यात चूक कुठे होती, ते त्यांना सापडत नव्हतं. रोग खरंच बाहेरून आला होता. आड राहिलेले खरंच वाचले होते. सगळं त्यांनीच शिकवलं होतं.

मग दिवस असे गेले की मी अजून ते आठवायला भिते. शाळा रिकामी. नाल्याच्या या काठावर आम्ही, त्या काठावर धूर आणि ढोलाचा आवाज. एका सकाळी ढोल थांबला आणि बाईमाणसाचं रडणं ऐकू आलं. कुणाचं तरी लहान मूल गेलं. त्यानंतर दुसरं. गुरुजी अन्न चिवडत बसायचे. मी सुमेधला पदराखाली धरून खिडकी लावून घ्यायची. वाऱ्याने तरी गोवर नाला ओलांडू नये, एवढीच माझी प्रार्थना. आणि आमच्यात प्रार्थनेने रोग जातो असं कोणी शिकवत नाही, हेही मला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी सुकरीने पलीकडून हाक मारून सांगितलं की बुधरी पाणी घेत नाही, छाती शिट्टीसारखी वाजते. केसरबाई म्हणाल्या, छातीत उतरलंय, सुया मिळाल्या नाहीत तर पोरगी हातची जाईल. मग त्या गुरुजींना म्हणाल्या, "जा आणि सांगून टाका, गोष्ट खोटी होती म्हणून. तुमच्या खरेपणाला काय जाळायचंय?"

गुरुजी गेले. मी नाल्यातल्या वाळूत उभी होते, सुमेध कडेवर.

"पत्रूभाऊ, मी जे सांगतलं ना, थे खरं नोयतं. मनानं रचलं होतं."

पत्रूने विचारलं, "मंग खाली काऊन पाहून राह्यला?" आणि मग जवळजवळ मायेने म्हणाला, "नोको बोलू, गुरुजी. तुले खोटं जमत नाई."

गुरुजी रडकुंडीला आले. "भाऊ, बुधरी मरन. केसरबाईले आत येऊ दे. मले मार, हाकल, पन तिले येऊ दे."

"एक सांग. थ्या जहाजात बाया होत्या का? लेकरं होते?"

"नाई. पयल्या खेपेले नाई."

"पाह्य. लुटाले येनारा एकटा येते. राहाले येनारा बाईलेकरू घेऊन येते." पत्रूने नाल्याकडे हात केला. "किती वर्सं झाले तुले? अजून नाल्याच्या त्या काठावरच निजतं तू. तुहं लेकरू त्या काठावर, आमचे या काठावर. तुहं बाईलेकरू घेऊन आत ये. दोरी सुटेपर्यंत राह्य. मंग आमाले समजन का तुहं औषध आमच्यासाठी हाये. तवा नर्सबाई बी येऊ दे."

माझे हात आपोआप सुमेधभोवती आवळले. तो आता सात महिन्यांचा होता. गोवराची लस आमच्या भागात तेव्हा पोचलीच नव्हती. केसरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आईला गोवर येऊन गेला असेल तर तान्ह्याला सहसा होत नाही. पण सात महिने म्हणजे अधलंमधलं, माझ्याने सांगवत नाही. आणि मग हळूच, "जाऊ नका, कमलाबाई."

घरी आल्यावर मी गुरुजींना बोलायचं बाकी ठेवलं नाही. "धडा तुमचा अन् लेकरू माहं? बेटावरचे मेले, त्याइचं सुतक माह्या पोरानं फेडायचं?"

"मी तुले मांगून नाई राह्यलो, कमला," एवढंच ते म्हणाले. मागितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सकाळी मी पिशवी भरली. पहिल्या गाडीने आधी चंद्रपूर, मग भद्रावती, आईकडे. गुरुजींनी पिशवी उचलायला हात पुढे केला, मी झिडकारला. थांब्याला जायची वाट नाल्याच्या काठाने जाते. सुकरी पलीकडे झिऱ्यावर पाणी भरत होती. दोरी तिच्या अलीकडे. ती ओळखूच येत नव्हती, डोळे खोल गेलेले.

सुमेध झाला तेव्हा पहिले दिवस मला दूधच उतरलं नाही. बाळ रडून निळं पडायचं. तेव्हा ही सुकरी, तिचं धाकटं अंगावर पीत होतं, रोज नाला ओलांडून यायची आणि माझ्या बाळाला छातीशी घ्यायची. एकही शब्द बोलायची नाही. पाजायची, तोंड पुसायची, जायची. आता मला वाटलं, ही मला थांबवेल. पाया पडेल, आठवण करून देईल. मी तिची नजर चुकवून भराभर चालू लागले.

"बाई!" तिने हाक मारली. "इथून नोको जाऊ. वरच्या वाटेनं जा. लेकराले वारा लागन."

मी थांबले. तिची पोर घरात मरत होती, आणि तिला माझ्या पोराला वारा लागेल याची काळजी पडली होती. त्या क्षणी मला कोणाचा एवढा राग आला ते अजून कळलेलं नाही. पत्रूचा, नवऱ्याचा, त्या जहाजवाल्यांचा. पिशवी तिथेच टाकली, नाल्यात उतरले, दोरी वर उचलली आणि आत गेले. सुकरी किंचाळली, मला मागे ढकलू लागली. आवाजाने पत्रू आला. सुमेधला पाहून त्याचा चेहरा उतरला. मी येईन असं त्याला वाटलंच नव्हतं.

"आले," मी म्हटलं. "आता बोलाव नर्सबाईले. अन् लवकर बोलाव."

केसरबाई आल्या, त्यांच्यामागे गुरुजी. बुधरीला सुया सुरू झाल्या. आम्हाला पत्रूच्या अंगणात पडवी दिली. गुरुजी घरोघर साखर-मिठाचं पाणी पाजत फिरले. बुधरीने एका सकाळी डोळे उघडून पेज मागितली, तेव्हा सुकरी माझ्या गळ्यात पडून रडली. बाकी मुलंही उठू लागली. दोऱ्या सोडून मातेची पाठवणी करायचा दिवस ठरला.

आणि तेव्हा सुमेधला ताप आला.

आधी डोळे लाल, मग नाक, मग कानामागून पुरळ. केसरबाई तिथेच होत्या, औषध होतं, सगळं होतं. ताप मात्र हटत नव्हता. तो रडायचाही थांबला. माझ्या मांडीवर नुसता तापत पडून राहायचा. मी गुरुजींकडे बघतही नव्हते.

पाठवणीची रीत अशी की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात कडुनिंब, हळदीचे तांदूळ, मातेची बाहुली. वाजत-गाजत ओढत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेत सोडून यायचा. ते गाव तो पुढे ढकलतं, त्यापुढचं गाव आणखी पुढे. गाडा शीव ओलांडत नाही तोवर शेवटच्या आजाऱ्याला उतार पडत नाही, असं मानतात. त्या वर्षी शेवटचा आजारी आमचा सुमेध होता.

मी त्याला घेऊन गाड्याच्या मागे गेले. हो, गेले. शिवेवरच्या मोहापाशी पत्रूने हात वर केला. ढोल थांबले.

"इथीच," तो म्हणाला. "पुढं नाई न्यायचा."

लोकांत गलबला झाला. गाडा राहिला तर माता परत फिरेल, कोणीतरी म्हणालं, अन् गुरुजीचं लेकरू?

"थ्या जहाजवाल्याइनं बी आपलं दुखनं दुसऱ्याच्या दारात टाकलं," पत्रू म्हणाला. "आपन बी तेच करून राह्यलो ना, बापजाद्यापासून? गुरुजीनं सांगतलं तवा समजलं."

मी ओरडले. भद्रावतीच्या कॉलनीत शिकलेली, मास्तरची बायको, गाड्या-बाहुल्यांवर काडीचा विश्वास नसलेली मी, घसा फाटेस्तोवर ओरडले, "न्या ना पुढं! टाका पुढच्या गावात! माहं लेकरू मरून राह्यलं!" ज्याचं मूल मांडीवर तापत नाही त्याने मला नावं ठेवावीत.

पत्रू माझ्याजवळ आला.

"तिथी बी लेकरं हायेत, बाई."

मी गुरुजींकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या बाजूने बोलेल. ते खाली पाहत नव्हते. "बरोबर बोलून राह्यला थो, कमला," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

मग पत्रूने गाड्याची दोरी स्वतःच्या हाताने फिरवली. गाडा गावाकडे वळला, रस्त्याने आला आणि त्याच्याच अंगणात थांबला. दारात सुकरी उभी होती, नुकत्या उठलेल्या बुधरीला पोटाशी धरून. माता आता त्यांच्या दारात राहणार, याचा अर्थ तिला आमच्यापेक्षा चांगला कळत होता. तिने बुधरीला आणखी जवळ घेतलं आणि गाड्याला वाट दिली.

सुमेध वाचला. ताप उतरला, पण कान वाहू लागला तो कितीतरी दिवस. आता तो तीन वर्षांचा होईल. डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही. बुधरीला पुन्हा काही झालं नाही, तिच्या धाकट्या भावंडालाही नाही.

मी गुरुजींशी पावसाळा लागेपर्यंत बोलले नाही. बोलले तेव्हा एवढंच विचारलं, "थ्या जहाजावर एक बी पत्रू नोयता का?"

ते म्हणाले, "होते एकदोन पाद्री. लय ओरडले, का हे पाप हाये म्हनून. पन जहाज त्याइच्या हाती नोयतं."

मी सुमेधला त्यांच्या मांडीवर दिलं, उजवा कान त्यांच्या तोंडाकडे करून, आणि भाताला आधण ठेवायला उठले.